वाजवून घेतलेला क्रँक

आर्णी, ६ ऑक्टोबर २०२३

चि. अतिया बेटीला बडे अब्बांच्या भरपूर दुआ. वि. वि.

पत्रासोबत पोत्यात गुंडाळलेला इंजिनाचा एक क्रँक पाठवतो आहे. पुसदच्या गाडीत मागच्या सीटखाली ठेवला आहे. उतरवून घ्यायला दोन माणसं घेऊन जा. एकटीनं उचलायला जाशील, कंबर धरेल आणि तुझी अम्मी माझ्या नावानं बोटं मोडेल.

काम कोणाचं ते सांगतो. मागच्या आठवड्यात राळेगावचा रजत आला होता. घरची कापूस-सोयाबीनची चांगली शेती, पण पोराचं सगळं लक्ष गाड्यांत. त्याच्या आजोबांनी, नानाजींनी, साठेक वर्षांपूर्वी लिलावात एक विलायती पिकअप घेतली होती. सहा सिलिंडर एका रांगेत, पेट्रोलवर चालणारी. गेली पंचवीस वर्षं त्या गाडीत कोंबड्या अंडी घालत होत्या. आता रजतला ती मातीवरच्या शर्यतीत पळवायची आहे. मूळ इंजिन शंभरएक हॉर्सपॉवरचं, त्याला पावणेदोनशे पाहिजेत. हेड, कार्बोरेटर हे वरचं काम नागपुरात चालू आहे. खालचं काम, म्हणजे आपलं हाफ इंजिन, क्रँक, रॉड, पिस्टन, बेअरिंगं, हे त्यानं माझ्याकडे दिलं. मी त्याला म्हटलं, बाबू, ताकद वर तयार होते, पण सोसा लागते खालच्याले. वरातीत मिरवतो नवरदेव अन् पाय दुखतात घोड्याचे. पोरगा हसला, पण कळलं असं काही वाटलं नाही.

तू जाणतेसच, सहा सिलिंडरचा क्रँक लांबलचक असतो आणि या जुन्याला आधाराची बेअरिंगं चारच. जोर वाढवला की तो पिळवटतो. म्हणून पुढची रबरवाली पुली नवी, रॉडचे बोल्ट नवे, ऑइल पंप मोठा. तुझ्याकडे काम फक्त ग्राइंडिंगचं. सगळे गोल घासून वीस थाउ, तुमच्या नव्या मापात अर्धा मिलिमीटर, उतरव आणि कोपरे काटकोनात कापू नकोस, गोलाई भरपूर ठेव. क्रँक तुटतो तो कोपऱ्यातच, हे तुझ्या बापाला, माझ्या धाकट्या भावाला, मी शिकवलं आणि अफरोजनं, अल्ला त्याला जन्नत नसीब करो, तुला शिकवलं.

टांगून, वाजवून मी पाहिला आहे. शाळेच्या घंटेसारखा आहे. कुठे तडा असता तर भद्द बोलला असता.

तुझा फोन आला होता असं बडी अम्मी म्हणाली. मला त्या डबड्याचा कंटाळा आहे. बोललेलं वाऱ्यावर जातं, कागदावरचं माप राहतं. उर्दू लिपी आपल्या दोघांनाही धड येत नाही, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतली मराठी आहे तीच चालव.

मापात हयगय नको आणि मायेतही नको.

तुझा,
जब्बार बडे अब्बा

—

पुसद, ११ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप बडे अब्बांना अतियाचा अदबीनं सलाम. वि. वि.

क्रँक सुखरूप पोचला. दोन माणसं घेऊनच गेले होते, तुमच्या धाकानं. मापं घेतली. मेन गोल चारही बरे आहेत, रॉड बसतात त्या बिग एंडमध्ये तीन आणि पाच नंबर अंड्यासारखे झालेत. वीस थाउमध्ये सगळे साफ निघतील. कोपऱ्यांच्या गोलाईसाठी चाक नव्यानं घासून घेतलं आहे, तुम्ही बोट फिरवाल तर अडणार नाही.

इकडची एक गंमत. परवा एक ट्रॅक्टरवाला क्रँक घेऊन आला आणि मिस्तरी कुठे आहे म्हणून विचारलं. मीच म्हटलं. तर म्हणे बरं बरं, अन् पंख्याखाली बसला मिस्तरीची वाट पाहत. तासाभरानं क्रँक घासून त्याच्यासमोर ठेवला तेव्हा त्यानं विचारलं, हा कोणी केला. अब्बा जाऊन सहा वर्षं झाली तरी काही लोकांना वाटतं की मशीन आपोआप फिरतं आणि मी हिशेबाला बसले आहे. पण आता पुसदचे तीन-चार गॅरेजवाले भरवशानं काम देतात, हे त्यातल्या त्यात बरं.

एक विचारायचं होतं. चाकाला लावण्याआधी डिझेल-खडूची परीक्षा करू का? तुम्ही वाजवलाच आहे, तुमच्यावर शंका नाही. पण क्रँक साठ वर्षांचा आहे आणि इंजिनावर जवळजवळ दुप्पट जोर येणार. रात्रभर डिझेलच्या टाकीत ठेवते, सकाळी पुसून खडू फासते. कुठे बारीक तडा असला तर त्यातलं डिझेल झिरपून खडूवर रेघ उमटेल. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल तसं.

बडी अम्मीला सलाम. तिच्या हातच्या लसणाच्या चटणीची आठवण काढली म्हणून सांगा. तुमची सावली डोक्यावर अशीच असू द्या.

तुमची,
अतिया

—

आर्णी, १५ ऑक्टोबर २०२३

चि. अतियाला अनेक दुआ. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. बेटी, डिझेल-खडू ज्यांना कान नसतात त्यांनी करावा. दिग्रस, दारव्ह्यापासून लोक इंजिन उतरवतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, की जब्बारभाईनं वाजवून घेतला का. चाळीस वर्षांत माझ्या कानाखालून गेलेला क्रँक तुटलेला नाही. लाव चाकाला, खडू लहान पोरांना पाटीसाठी ठेव.

इकडे मी रॉड पॉलिश करून सोनाराच्या काट्यावर तोलले. सोनार म्हणाला, चाचा, हे लोखंड घालून बाईच्या अंगावर काय शोभन? सहाही रॉड एका वजनात आणले, पिस्टनही आणले. सगळ्यात हलक्याला प्रमाण धरायचं आणि बाकीच्यांना त्याच्यापर्यंत घासत न्यायचं. घाईत हे काम होत नाही. रजत दर दोन दिवसांनी येऊन झालं का विचारतो. मी मान हलवतो.

क्रँक आला की जोडणी करतो. अम्मीच्या गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा रागीट,
बडे अब्बा

—

आर्णी, २ फेब्रुवारी २०२४

लाडक्या अतियाला बडी अम्मी हमीदाचे आशीर्वाद आणि खूप माया.

मला पत्र लिहायची सवय नाही. अक्षर कोंबडीचे पाय आहेत, चालवून घे. तुझं एकही पत्र नाही, फोन केला तर तू दोन शब्दांत ठेवतेस. म्हणजे तुझ्यापर्यंत बातमी पोचली आहे. पण कशी पोचली कोण जाणे, म्हणून मी पाहिलं तेवढं लिहिते.

रजतची गाडी डिसेंबरात सुरू झाली. आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला, पोरं नाचली. मागच्याच्या मागच्या रविवारी राळेगावला शेतातल्या रस्त्यावर तो सराव करत होता. त्याची बायको समीक्षा बाजूला बसून मोबाइलवर चित्र घेत होती. जोरात असताना आतून धाडकन काही तुटलं, मागची चाकं जाम झाली आणि गाडी आडवी होऊन तुरीत घुसली. रजतला खरचटलं. समीक्षाचा उजवा हात मनगटात दोन जागी मोडला. लग्नाला अजून वर्ष नाही झालं. तिचा हात आता कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे.

इंजिन परत इथे आणलं. तुझ्या बडे अब्बांनी एकट्यानं खोललं. कोणाला हात लावू दिला नाही. क्रँकचे दोन तुकडे झाले होते. दुपारी रजत आला, सोबत दोन-तीन गॅरेजवाले. मी चहा घेऊन दारात उभी होते. रजतनं काहून तुटला म्हणून विचारलं. मग कोणीतरी म्हणालं की कोपऱ्यातच तुटला, म्हणजे घासताना कोपरा कोरला असन. तेव्हा हे एवढंच म्हणाले की ग्राइंडिंग पुसदले झालं. आणखी एक शब्द नाही. त्यावर एकजण म्हणाला, बाईमाणसाच्या हाताले क्रँक देऊ नये. हे तेव्हाही खाली पाहत राहिले.

अतिया, मीही काही बोलले नाही. चहा ठेवला आणि आत गेले. ते मला आठ दिवसांपासून खातं आहे. नवऱ्याच्या दुकानात बायकोनं बोलू नये असं शिकले, पण भाकरी तर तुझी जात होती. यांच्या तोंडाला चव नाही, रात्री उठून बसतात. त्यांच्यात एक गोष्ट आहे जी मला माहीत आहे, पण ती मी लिहिणार नाही. ती त्यांनीच लिहावी. तू रागावली असशील तर रागाव, पण त्यांना एक ओळ लिही.

तुझी,
बडी अम्मी

—

पुसद, ९ फेब्रुवारी २०२४

ती. बडे अब्बांना सलाम. वि. वि.

बडी अम्मीनं लिहायला सांगितलं म्हणून लिहिते.

तुमचं वाक्य पुसदला चार दिवसांत पोचलं. चारही गॅरेजवाल्यांनी काम थांबवलं. एकानं घासायला दिलेला क्रँक तसाच परत नेला, म्हणाला घाई नाही. दुसऱ्यानं सांगितलं की तुमच्या काकानंच म्हटलं तर आमी काय करावं. मशीन दहा दिवसांपासून बंद आहे. अम्मी विचारते विकायचं का.

मी कोपरे कोरले नाहीत. हे तुम्हाला सांगावं लागतं आहे, याचंच वाईट वाटतं. पण माझं म्हणणं राहू द्या, लोखंडाला विचारू. तुटलेले दोन्ही तुकडे उजेडात धरा आणि तुटल्या जागेचं तोंड पाहा. सगळं तोंड साखरेसारखं चमकत असेल तर तो एका झटक्यात तुटला, मग माझी चूक असू शकते. कोपऱ्याशी काळा डाग असेल तर तडा जुना आहे, वर्षानुवर्षं त्यात तेल मुरलं आहे. तो माझ्याकडे येण्याआधीपासून होता. हेही मला तुम्हीच शिकवलं होतं.

काय दिसलं तेवढं कळवा. समीक्षाताईंच्या हाताला आराम पडो.

अतिया

—

आर्णी, १७ फेब्रुवारी २०२४

अतिया बेटी,

दुआ द्यायला तोंड नाही, तरी देतो. तू एक ओळ मागितलीस, मी सगळं लिहितो. आठ दिवस लागले, कारण चार कागद फाडले.

डाग आहे. तीन नंबरच्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढा, काळा कुळकुळीत. बाकी तोंड चमकतं आहे. तुझं पत्र येण्याआधी मला माहीत होतं. इंजिन खोललं त्याच घटकेला दिसला. वरची मळी असेल म्हणून पेट्रोलनं पुसला, तारेच्या ब्रशनं घासला. गेला नाही. मग मी त्याच्यावर पोतं टाकलं. तुकड्यांवर पोतं टाकून मी रजतची वाट पाहत बसलो होतो, हे तुला माहीत असू दे.

आता त्याच्या मागची गोष्ट. मला ऐकू येत नाही. उजवा कान चार वर्षांपूर्वी गेला, डावा दोन वर्षांपासून नावाला आहे. सुरुवातीला इंजिनांचा खडखडाट कमी वाटायला लागला. मला वाटलं, आपला हात सुधारला. हसू नकोस, खरंच वाटलं. मग इंजिनाला टेकवलेला लांब पेचकस कानाऐवजी दातांत धरायला लागलो, हाडातून थरथर कळायची. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून अंदाज करायचा, नाही कळलं तर मान हलवायची. फोन नको म्हणतो तो त्यासाठी. कागदावरचं माप राहतं वगैरे सगळी बतावणी.

तो क्रँक मी टांगला, हातोडी मारली आणि तळहात त्याच्यावर ठेवला. हाताला लोखंडाचा कंप लागला. मी म्हटलं, वाजला. मनाच्या आत एकजण म्हणत होता की जब्बार, तुला काही ऐकू आलेलं नाही. त्याला मी गप्प केलं. आणि तू एवढ्या अदबीनं डिझेल-खडूचं विचारलंस तेव्हा काय लिहिलं, ज्यांना कान नसतात त्यांनी करावा. ती ओळ आता रोज आठवते. माझ्याच हाताची थोबाडीत बसते.

रजतनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो नाही. ग्राइंडिंग पुसदलेच झालं. खरं बोलून खोटं करायची कला मला या वयात साधली. डाग दाखवला असता तर पुढचा प्रश्न आला असता की तुम्ही वाजवला होता ना. त्या प्रश्नाला मी भ्यालो. माझं चाळीस वर्षांचं नाव त्या कानावर उभं होतं, ते वाचवायला मी तुझं सहा वर्षांचं नाव पुढे केलं. अफरोजच्या पोरीचं. तो असता तर माझ्या दुकानाची पायरी चढला नसता. बेटी, मला लाज वाटते. जेवताना वाटते, नमाजला उभा राहिलो की वाटते.

काल शुक्रवारी नमाजनंतर सगळे गॅरेजवाले चहाला जमतात तेव्हा दोन्ही तुकडे बाकावर ठेवले आणि सांगितलं. इमरान, जो माझ्याकडे शिकला आणि आता ज्याचं स्वतःचं गॅरेज आहे, त्यानं डागावर बोट फिरवलं आणि मला खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीवर बसणं फार जड गेलं. ज्यानं बाईमाणसाचं काढलं होतं तो चहा अर्धा टाकून निघून गेला. आता सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. ज्याच्यापासून पळालो ते पूर्ण पदरात पडलं.

उद्या राळेगावला जातो. रजतला, त्याच्या बायकोला आणि नानाजींना समोर बसवून सांगणार आहे. खडू नको म्हणणारं माझं ऑक्टोबरचं पत्र तुझ्याकडे असेल. ते पुसदच्या बाजारात ज्याला दाखवायचं त्याला दाखव, हवं तर दुकानाच्या दारावर चिकटव. अक्षर माझं आहे, मी नाही म्हणणार नाही. मशीन विकू नकोस.

माफी मागत नाही. मागायचा हक्क मिळाला की मागेन.

जब्बार

—

पुसद, २९ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप बडे अब्बांना अतियाचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याआधीच इमरानभाईंनी पुसदच्या गॅरेजवाल्यांना फोन करून सगळं सांगितलं होतं. सोमवारी एकजण क्रँक घेऊन आला. तोच, ज्याला घाई नव्हती. मशीन चालू आहे. तेवढ्यापुरती काळजी करू नका.

तुमचं ऑक्टोबरचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. अम्मी रोज म्हणायची, दाखव की लोकांना, काहून गप्प बसली. मी दाखवलं नाही. बडी अम्मीला वाटलं असेल की तुमच्या इज्जतीसाठी. तुम्हालाही तसं वाटलं तर ते बरोबर नाही. म्हणून हे पत्र.

बडे अब्बा, मला माहीत होतं. मागच्या वर्षी ईदला मी आर्णीला आले तेव्हा तुम्ही ओट्यावर पाठमोरे बसला होता. मी तीनदा हाक मारली. तुम्ही वळला नाहीत. बडी अम्मीनं पाय आपटला तेव्हा ओटा हलला आणि तुम्ही वळून म्हणालात, अरे, केव्हा आलीस. दोन दिवस मी पाहत होते, तुम्ही प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. ज्या प्रश्नाला उत्तर हवं होतं त्याला मान हलवत होता. परतताना बसमध्ये रडले, पण कोणाला बोलले नाही. एवढ्या मोठ्या माणसाला काय सांगायचं, आणि कोणी सांगायचं.

म्हणून मी डिझेल-खडूचं विचारलं. तुमच्यावर शंका नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. तुम्ही नको म्हणालात, तोपर्यंत मी टाकी भरून ठेवली होती. क्रँक साखळीवर टाकीच्या वर लटकत होता. गुपचूप बुडवला असता तर तुम्हाला कधी कळलंही नसतं. पण मी तिथे उभी राहून विचार केला की रेघ उमटली तर तुम्हाला कळवावं लागेल, आणि कळवलं की तुम्हाला समजेल की मला समजलं आहे. ते मला नको होतं. साखळी ओढली आणि क्रँक चाकाला लावला. तुमची लाज झाकायला गेले. ज्या हातानं तुमचं पत्र लोकांना दाखवलं असतं, त्याच हातानं ही साखळी ओढली होती, म्हणून पत्र ड्रॉवरमध्येच राहिलं.

मंगळवारी मी राळेगावला जाऊन आले. तुम्ही येऊन गेलात हे रजतदादांनी सांगितलं. तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत आणि माझा हात साफ होता म्हणालात, हेही सांगितलं. मी म्हटलं, तेवढं खरं नाही, आणि माझं जे होतं ते सांगितलं. रजतदादा उठून अंगणात गेले. इंजिन आता नागपूरलाच करतील, आपल्या दोघांकडेही येणार नाही, हे त्यांनी शांतपणे कळवलं. नानाजी बाजेवर बसून होते. त्यांनी मला पाणी द्यायला लावलं.

समीक्षाताई समोर बसल्या होत्या. प्लास्टर निघालं नाही अजून, बोटं सुजलेली दिसतात. त्या डाव्या हातानं चहा घेत होत्या. मी बोलत असताना त्यांनी एकदाही मधे टोकलं नाही. मला वाटलं होतं, रागावतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. दोन्ही नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की तुमी दोघं एकमेकाचा मान राखत बसले, अन् गाडीत मी बसली होती.

याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर त्यांनाच लिहा, मला नको.

तुमची,
अतिया